बंद करू नका

शुक्रवार. मुहर्रकच्या दुकानाचं शटर अर्धंच वर केलं
आणि कमरेत वाकून आत शिरलो.
गॅस्केट, पट्टे, इम्पेलर, ग्रीसचा वास,
आणि काउंटरमागे तो,
ज्याच्या पोटात सगळ्या बोटींची उधारी.

रोज सकाळी त्याला वाटतं
आज एक जानेवारी, दोन हजार नऊ.
रोज सकाळी मी एफ-वन दाबून समजूत काढतो:
बाबा रे, पुलाखालून बरंच पाणी गेलं.
तारीख बदलतो, मगच पहिलं बिल.
चार वर्षं मी. माझ्याआधी तोरसकर.

आता बँकेची साइट त्याच्यावर उघडेना.
नवा घेऊ, म्हटलं मालकांना.
अबू यासिर हसले.
इंजिन दमलं म्हणून बोट कोण फेकतं?
आणि खिशातून पाच दिनार काढून
काउंटरवर ठेवले,
वर तीन.

स्क्रू चार हवेत, निघाले तीन.
चौथ्या भोकात काडेपेटीची काडी. तोरसकरांचंच काम.
आत वाळू नव्हे, वाळूचं पीठ,
खाऱ्या हवेनं मळून थापलेलं.
रफीक टॉर्च धरून होता. मी ब्लोअर लावला
आणि दोघंही आंधळे झालो.
रफीक तीनदा शिंकला, अल्लाचं नाव घेतलं,
मग पुन्हा टॉर्च सरळ.

रॅमच्या पितळी दातांवर
खोडरबर फिरवलं, हलक्या हातानं,
शाळेत चुकलेलं गणित पुसावं तसं.
शेजारच्या गल्लीतून शिबूनं आणखी एक पट्टी दिली,
चालली तर पैसे दे म्हणाला.
आणि तो सेल,
पन्नास फिल्सच्या नाण्याएवढा, मेलेला.
नखानं उचकटला. नवा बसवला. टक्.
एवढंच होतं?
इतक्या सकाळी, इतके एफ-वन,
एवढ्याशा चकतीपायी?

मग बॅकअप.
बिलं. बिलं नवीन. बिलं नवीन खरी.
बिलं नवीन खरी हीच घ्यावी.
त्यांच्या खाली एक फाइल, नुसतंच: घर.

जांभा, अमुक गाड्या.
वाळू. सुताराची बोली. चौकट फणसाची,
तिच्यापुढे प्रश्नचिन्ह.
रुपयांचा रकाना, शेजारी दिनारांचा,
आणि तळाशी: विहीर, बाकी.

तोरसकर गेले. म्हणजे गावी गेले, आचऱ्याला.
इथे नुसतं गेले म्हटलं
की समोरचा आधी तोंडाकडे बघतो.
ही बाकी कधीची, म्हणून तारीख पाहिली.
एक जानेवारी, दोन हजार नऊ.

अर्थात.
सकाळी दुकान उघडायचे,
घड्याळ दुरुस्त करायच्या आधी
पाच मिनिटं घर उघडायचे.
मालकाच्या वेळेत नाही, स्वतःच्याही नाही,
सेल मेलेला असतो त्या वेळेत.
तिथे किती वर्षं बांधत होते, कळायला वाव नाही.
विहिरीला पाणी लागलं का, तेही नाही.
फोन करता येईल. नंबर आहे.
केला नाही.

काय काय ठेवायचं, पडद्यानं विचारलं.
वैयक्तिक फायली?
कुणाच्या, ते विचारलं नाही. बरं झालं.
ठेव म्हटलं.

चाचणी म्हणाली: जागा पुरेल. प्रोसेसर जेमतेम.
जेमतेम म्हणजे होय, असं मी आयुष्यभर धरत आलोय.
यूपीएसचा दिवा हिरवा पाहिला, पुन्हा पाहिला,
आणि सुरू कर यावर बोट ठेवलं.
एक टक्का.
एक टक्का.

रात्रभर लागेल. पहाटे झाडायला येणारा
कोण कुठलं बटण दाबेल, नेम नाही.
रफीककडून बांगलात लिहून घेतलं,
शिबूकडून मल्याळममध्ये,
अबू यासिरांना फोन करून अरबी अक्षरं विचारली,
उजवीकडून डावीकडे, शाळकरी, मोठी मोठी.
कागदाला तळाशी दोन बोटं जागा उरली.

इथे ते वाचणारं कुणी नाही.
तरी बॉलपेननं, दाबून:
बंद करू नका.